एचआयव्हीसह जगणारी आई, तिचं बाळ आणि सोबतीण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान दोघींसाठी आहे. एक, जिला गरोदरपणात किंवा त्याआधी एचआयव्ही असल्याचं कळलं आहे. दुसरी, जी तिच्या सोबतीला उभी राहणार आहे. माहिती महाराष्ट्रातल्या सरकारी दवाखान्यांतल्या पद्धतीनुसार दिली आहे. गोव्यातही राष्ट्रीय कार्यक्रम तोच असल्याने औषधं आणि तपासण्या त्याच आहेत. औषध सुरू करणं, बदलणं किंवा थांबवणं मात्र एआरटी सेंटरच्या (एचआयव्हीचे उपचार आणि गोळ्या देणाऱ्या सरकारी केंद्राच्या) डॉक्टरांचंच काम.

सोबतीण म्हणजे नेमकी कोण?

जी स्वतः एचआयव्हीसह जगते, याच औषधांवर जिने बाळंतपण केलं आहे आणि बाळाच्या अठरा महिन्यांपर्यंतच्या तपासण्या पार पाडल्या आहेत, अशी आई. कागदोपत्री तिला कुठे पीअर काउन्सेलर म्हणतात, कुठे आउटरीच वर्कर. कुणी ‘विहान’च्या काळजी व आधार केंद्रातून काम करते, कुणी जिल्ह्याच्या पॉझिटिव्ह नेटवर्कमधून, म्हणजे एचआयव्हीसह जगणाऱ्यांच्याच संघटनेतून. काही ठिकाणी हुद्दा वगैरे काहीच नसतो. एआरटीच्या रांगेत ओळख झालेली ताई एवढंच. या पानावर आम्ही सगळ्यांना सोबतीण म्हणतो.

ही पद्धत रीतसर कार्यक्रम म्हणून गाजली ती दक्षिण आफ्रिकेत. २००१ मध्ये केपटाऊनला मिच बेसर या प्रसूतितज्ज्ञांनी ‘मदर्स टू मदर्स’ सुरू केलं. बाळंतपण होऊन गेलेल्या एचआयव्ही बाधित आयांनाच मानधन देऊन दवाखान्यात नव्या गरोदर बायांशी बोलायला बसवलं.

आयसीटीसीत (सरकारी दवाखान्यातल्या एचआयव्ही तपासणी व समुपदेशन केंद्रात) काउन्सेलर असताना सोबतीण कशाला?

काउन्सेलर सांगतात, ‘सहा महिने फक्त अंगावरचं दूध.’ हे बरोबरच आहे. पण सासूबाई बाराव्या दिवशी सहाण आणि बाळगुटीचा डबा घेऊन समोर बसल्या की तोंडातून कोणतं वाक्य काढायचं, हे ज्या बाईवर तो प्रसंग येऊन गेला आहे तीच सांगू शकते. दुसरं कारण वेळेचं. काउन्सेलरकडे एका बाईला दहा-पंधरा मिनिटं मिळतात. गोळी का घ्यायची हे त्यात सांगून होतं. एकत्र कुटुंबात ती ठेवायची कुठे, इथपर्यंत गाडी पोचत नाही.

तिसरं कारण सगळ्यात मोठं. या कार्यक्रमात गळती होते ती प्रसूतिगृहात फारशी नाही. ती होते माहेरी जाताना, बाळ सहा आठवड्यांचं होतं तेव्हा, कामासाठी गाव सोडताना आणि बाळ धडधाकट दिसायला लागल्यावर. त्या वेळी दवाखाना घरी येत नाही. फोन मात्र येऊ शकतो.

बाळाला एचआयव्ही होणारच का?

नाही. काहीच उपचार केले नाहीत तर गरोदरपण, बाळंतपण आणि स्तनपान मिळून शंभरातल्या साधारण १५ ते ४५ बाळांना लागण होते. म्हणजे तेव्हाही सगळ्यांना होत नाही. आईने गोळ्या वेळेवर सुरू केल्या, विषाणू दबले आणि बाळाला जन्मल्यावर औषधाचं सिरप मिळालं, तर हे प्रमाण शंभरात एक-दोनच्याही खाली आणता येतं. आपल्याकडे २०१४ पासून प्रत्येक बाधित गरोदर आणि स्तनदा आईला सीडी-४ (रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा) कितीही असला तरी आयुष्यभराचे उपचार दिले जातात. ‘सीडी-४ चांगला आहे, इतक्यात गोळ्या नकोत’ असं अजून कुणी सांगत असेल तर तो सल्ला जुना झाला.

गोळी कधी घ्यायची? लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्याही चालू आहेत.

हा प्रश्न कमी जणी विचारतात, पण विचारायला हवा. बहुतेकींना आता टीएलडी ही एकच गोळी असते: टेनोफोव्हिर ३०० मिग्रॅ, लॅमिव्हुडिन ३०० मिग्रॅ आणि डोल्युटेग्राव्हिर ५० मिग्रॅ. लोह आणि कॅल्शियम पोटात डोल्युटेग्राव्हिरला धरून ठेवतात आणि ते रक्तात कमी उतरतं. बाई रोज न चुकता गोळी घेते, तरी विषाणू दबत नाहीत. मग ‘गोळ्या बुडवतेस’ म्हणून तिलाच बोलणी बसतात.

उपाय दोन. जेवणासोबत घेणार असाल तर टीएलडी, लोह आणि कॅल्शियम एकत्र चालतं. उपाशीपोटी घेणार असाल तर टीएलडी आधी घ्या आणि लोह-कॅल्शियम किमान दोन तासांनी. लोह-कॅल्शियम आधी घेऊन झालं असेल तर टीएलडीसाठी सहा तास थांबा. सगळ्यात सोपं म्हणजे टीएलडी रात्री झोपताना आणि बाकीच्या गोळ्या दुपारच्या जेवणानंतर. आम्लपित्तासाठी पांढरं पातळ औषध घेत असाल तर तेही अंतर ठेवूनच. क्षयाचं रिफॅम्पिसिन सुरू झालं तर डोल्युटेग्राव्हिरची आणखी एक गोळी बारा तासांनी लागते. म्हणून क्षयाच्या दवाखान्यात एआरटीचं हिरवं पुस्तक (सेंटरने दिलेली उपचारांची नोंदवही) दाखवाच.

एखादी वेळ चुकली तर आठवेल तेव्हा घ्या. दुसऱ्या दिवशी दोन एकदम घेऊ नका.

व्हायरल लोड नेमका कोणत्या आठवड्यात?

व्हायरल लोड म्हणजे रक्तात विषाणू किती आहेत याची चाचणी. ती ३२ ते ३६ आठवड्यांच्या दरम्यान, मग आधीची केव्हाचीही असो. जन्मल्यावर बाळाला एक सिरप द्यायचं की दोन, हे या चाचणीवर ठरतं. रिपोर्ट १००० च्या वर असेल, चाचणी झालीच नसेल, आईच्या गोळ्याच सुरू नसतील किंवा एचआयव्ही असल्याचं बाळंतपणाच्या आसपास कळलं असेल, तर बाळ जास्त जोखमीचं धरतात.

नेमक्या याच दिवसांत, सातव्या-आठव्या महिन्यात, आपल्याकडे बाई माहेरी जाते. रक्त द्यायचं राहून जातं, किंवा रक्त एका जिल्ह्यात आणि बाळंतपण दुसऱ्या जिल्ह्यात होऊन रिपोर्ट पोचतच नाही. सोबतिणीने २८ व्या आठवड्यालाच विचारून ठेवावं: ‘माहेरी कधी निघणार? तिथलं एआरटी सेंटर कोणतं?’

माहेरी बाळंतपण करायचं आहे. औषधांचं काय?

तीन कामं निघण्याआधी करा. एक, सेंटरला तारीख आणि गाव सांगा. थोड्या दिवसांसाठी जात असाल तर जास्त महिन्यांच्या गोळ्या मिळू शकतात, जास्त दिवस राहणार असाल तर तिकडच्या सेंटरला रीतसर ट्रान्सफर होते. दोन, हिरवं पुस्तक सोबत घ्या. ते दाखवून देशातल्या कुठल्याही सरकारी एआरटी सेंटरमध्ये अडीनडीला गोळ्या घेता येतात. पुस्तक घरी कुणी बघू नये असं वाटत असेल तर महत्त्वाच्या पानांचे फोटो काढून सोबतिणीकडे ठेवा. ओरिजनल मात्र नेलंच पाहिजे. तीन, बाळंतपण कुठे होणार ते ठरवून तिथल्या आयसीटीसीला आधी फोन करा आणि बाळाचं सिरप तिथे शिल्लक आहे का, ते विचारा. रविवारी रात्री कळा सुरू झाल्या तर स्टोअरला कुलूप असतं. शिल्लक नसेल तर काउन्सेलर आधीच बाटली देण्याची सोय करू शकतात.

सिझरच करावं लागेल का?

फक्त एचआयव्ही आहे म्हणून नाही. बाळ आडवं आहे, आधीचं सिझर आहे, कळा पुढे सरकत नाहीत, अशा नेहमीच्या कारणांसाठी जसं कुणाचंही होतं तसंच. दवाखान्याने प्रत्येक बाळंतपणात हातमोजे, एप्रन वगैरे काळजी घ्यायचीच असते. तुमच्यासाठी वेगळा कोपरा, खाटेवर पाटी किंवा केसपेपरवर लाल शेरा हे बेकायदा आहे.

बाळाचं सिरप किती आणि किती दिवस?

जन्मानंतर शक्य तितक्या लवकर पहिला डोस. कमी जोखमीच्या बाळाला सहा आठवडे एकच सिरप, बहुतेक वेळा नेव्हिरॅपिन. आईला एचआयव्ही-२ असेल तर झिडोव्हुडिन, कारण त्या प्रकारावर नेव्हिरॅपिन चालत नाही. जास्त जोखमीच्या बाळाला दोन्ही: वरचं दूध असेल तर सहा आठवडे, अंगावरचं असेल तर बारा आठवडे.

दोन्ही सिरपमध्ये एका मिलिलिटरला १० मिग्रॅ औषध असतं. जन्माच्या वेळी वजन अडीच किलोच्या वर असेल तर १.५ मिलि, दोन ते अडीच किलोच्या मध्ये असेल तर १ मिलि. नेव्हिरॅपिन दिवसातून एकदा, झिडोव्हुडिन दोनदा. दोन किलोच्या आतल्या बाळाचा डोस डॉक्टर हिशेब करून लिहून देतात, तो अंदाजाने देऊ नका.

चुका कुठे होतात, ते आता. पहिली चूक चमचा. घरातला ‘छोटा चमचा’ कधी ३ मिलिचा असतो, कधी ५ चा. सुई काढलेली २ मिलिची सिरिंज मागून घ्या आणि आपल्या बाळाच्या डोसच्या रेघेवर (दीड किंवा एक) नेलपॉलिशची खूण करा. दुसरी, बाटली न हलवणं. नेव्हिरॅपिनचा साका तळाशी बसतो. न हलवता दिलं तर पहिले काही दिवस पातळ आणि शेवटी दाट औषध जातं. तिसरी, जिभेवर सोडणं. बाळ थुंकून टाकतं. गालाच्या आत, हळूहळू, बाळ थोडं उभं धरून सोडा.

चौथी चूक फसवी. घरच्यांनी वाचू नये म्हणून बाटलीचं लेबल खरवडून काढतात. पुढे सहा आठवडे पूर्ण झाले की दुसरी बाटली येते, कोट्रायमॉक्सॅझोलची, आणि दोन्ही बिनलेबलाच्या. मग एकीचा डोस दुसरीचा होतो. लेबल काढायचंच असेल तर झाकणाला दोरा बांधा, जन्मापासूनच्या औषधाला लाल, सहा आठवड्यांनंतरच्याला पिवळा. रंग सोबतिणीलाही सांगून ठेवा म्हणजे फोनवरून विचारता येतं.

सहा आठवडे झाले, सिरप संपलं. सुटलो?

नाही, आणि याच वळणावर सगळ्यात जास्त गोंधळ होतो. दीड महिन्याच्या त्याच भेटीत तीन गोष्टी एकदम होतात. नेव्हिरॅपिन थांबतं (जास्त जोखमीचं बाळ अंगावर पीत असेल तर थांबत नाही), कोट्रायमॉक्सॅझोल सुरू होतं आणि बाळाचं रक्त पहिल्यांदा घेतलं जातं. बाई ऐकते एवढंच की ‘औषध बंद’, आणि दोन्ही बंद करते. किंवा दोन्ही चालू ठेवते. कोट्रायमॉक्सॅझोल न्यूमोनियासारख्या जंतुसंसर्गापासून जपतं. पाच किलोपर्यंतच्या बाळाला साधारण अडीच मिलि रोज एकदा, पुढे वजनाप्रमाणे वाढतं. बाळ निगेटिव्ह असल्याचं पक्कं होऊन डॉक्टर थांबवायला सांगेपर्यंत ते द्यायचं. ही भेट झाली त्याच संध्याकाळी सोबतिणीने फोन करून एकच विचारावं: ‘आज कोणती बाटली बंद झाली, कोणती सुरू झाली?’ उत्तर तिच्या तोंडून यायला हवं, आपण सांगून टाकायचं नाही.

दीड महिन्याच्या लसींची तारीखही साधारण तीच असते, एकाच फेरीत दोन्ही उरकता येतात. बाळ ठणठणीत असेल तर जन्मानंतरची बीसीजी आणि बाकी सगळ्या लसी नेहमीच्या वेळापत्रकाने द्यायच्या.

अंगावर पाजू की वरचं दूध देऊ?

निर्णय आईचा. मात्र एकदा घेतला की पहिले सहा महिने तोच पाळायचा. आईच्या गोळ्या सुरळीत चालू असतील तर अंगावरचं दूध आपल्याकडच्या परिस्थितीत बहुतेकींसाठी बरं पडतं. वरचं दूध निवडायचं तर स्वच्छ पाणी, रोजचं इंधन, सहा महिने पुरेल इतका पैसा आणि घरच्यांची साथ लागते. यातलं एक जरी तुटलं तरी जुलाबाने बाळ खंगतं, आणि आपल्याकडे तो धोका खरा आहे.

सगळ्यात वाईट म्हणजे दोन्ही. थोडं अंगावर, थोडं गाईचं. बाहेरच्या दुधाने, पाण्याने बाळाच्या आतड्याचं नाजूक अस्तर दुखावतं आणि अंगावरच्या दुधातून विषाणू आत शिरायला वाट मिळते. ‘वरचं’ म्हणजे फक्त दूध नव्हे. मध, साखरपाणी, ग्राइप वॉटर, उन्हाळ्यातलं चमचाभर पाणी आणि बाळगुटी हे सगळं त्यात आलं. डॉक्टरांनी दिलेलं औषध तेवढं चालतं.

सहा महिन्यांनंतर भाताची पेज, वरणाचं पाणी न देता घट्ट वरण, मऊ खिचडी, नाचणीची खीर असं सुरू करा आणि अंगावर पाजणं वर्षभरापर्यंत चालू ठेवा. बंद करताना एका दिवसात तोडू नका, महिनाभर हळूहळू कमी करा. बाळाला स्वतःलाच लागण झाली असेल तर अंगावरचं दूध दोन वर्षांपर्यंत द्यायचं असतं.

स्तनाग्राला भेग पडली, रक्त आलं किंवा गाठ येऊन ताप भरला, तर त्या बाजूने पाजणं थांबवा. ते दूध पिळून टाकून द्या, दुसऱ्या बाजूने पाजा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. बाळाच्या तोंडात पांढरे चट्टे दिसले तरी त्याच दिवशी दवाखाना.

सासूबाई गुटी चाटवणारच म्हणतात. काय सांगू?

आजाराचं नाव न घेता निभावून नेता येतं. चालणारी वाक्यं अशी: ‘डॉक्टरांनी कार्डावर लिहून दिलंय, सहा महिने काही द्यायचं नाही.’ ‘वजन कमी होतं, त्यांनी फक्त माझंच दूध सांगितलंय.’ आशाताईंनाही हे कारण न सांगता घरी बोलायला सांगता येतं, कारण सहा महिने निव्वळ स्तनपान हा सल्ला गावातल्या प्रत्येक आईला असतो. वाद गुटीच्या गुणदोषांवर नेऊ नका, तिथे तुम्ही हराल. सासूबाईंना मालीश, शेक, बाळंतिणीचा डिंकाचा लाडू अशी त्यांच्या हातची कामं द्या. त्यांचा मानही राहतो.

एखादे दिवशी चाटवलीच गेली तर घाबरून स्तनपान तोडू नका. त्या क्षणापासून पुन्हा फक्त अंगावरचं दूध सुरू ठेवा आणि पुढच्या भेटीत सांगा.

बाळाच्या तपासण्या किती आणि कशा?

दीड महिना, सहा महिने, बारा महिने, अठरा महिने. दीड महिन्याला टाच टोचून जाड कागदाच्या कार्डावर रक्ताचे गोल थेंब घेतात. कार्ड सावलीत पूर्ण वाळवून प्रयोगशाळेत जातं. थेंब अपुरा भरला किंवा कार्ड ओलं राहिलं तर नमुना नाकारतात आणि पुन्हा बोलावतात. तो निरोप ‘पॉझिटिव्ह आलं म्हणून बोलावलं’ असा समजून बाया फोन उचलेनाशा होतात. सोबतिणीने हे आधीच सांगून ठेवावं. रक्त घ्यायच्या आधी बाळाला पोटभर पाजा आणि पाय कोमट ठेवा, थेंब नीट येतो.

सहा आणि बारा महिन्यांना आधी साधी रॅपिड तपासणी होते. ती रिअॅक्टिव्ह आली, म्हणजे रक्तात प्रतिपिंडं सापडली, तरी घाबरू नका. आईकडून मिळालेली प्रतिपिंडं बाळाच्या रक्तात अठरा महिन्यांपर्यंत राहू शकतात. अशा वेळी कार्डावरची तपासणी पुन्हा करतात. अठरा महिन्यांच्या तपासणीनंतर बाळाचा निकाल पक्का होतो. स्तनपान लांबलं असेल तर ते थांबल्यावर काही आठवड्यांनी शेवटची तपासणी घेतात.

दीड महिन्याला निगेटिव्ह आलं, तरी पुढे का न्यायचं?

कारण अंगावर पाजणं चालू आहे. तोपर्यंत आईच्या गोळ्या हेच बाळाचं संरक्षण. ‘निगेटिव्ह’ कळल्यावर आई बाळाला नेणं थांबवते, आणि बऱ्याचदा स्वतःच्या गोळ्याही. सोबतिणीने बाळाच्या निकालाचं अभिनंदन करताना त्याच वाक्यात पुढची तारीख सांगावी.

आणि पॉझिटिव्ह आलं तर?

दुसरा नमुना घेतात, पण त्याच्या निकालासाठी उपचार खोळंबवत नाहीत. तान्ह्या बाळांना आता पाण्यात विरघळणाऱ्या गोळ्या मिळतात. बाधित बाळांसाठी पहिलं वर्ष सगळ्यात धोक्याचं, त्यामुळे इथे आठवडेही महत्त्वाचे. त्या दिवशी सोबतिणीने समजावण्याचा मोह आवरावा. शेजारी बसावं, आईने काही खाल्लंय का बघावं आणि सेंटरला तिच्यासोबत जावं. ‘माझंच चुकलं का’ या प्रश्नावर गुटीची किंवा बुडलेल्या गोळ्यांची आठवण काढू नये.

नवऱ्याला सांगू की नको?

जोर कुणीच करू नये, सोबतिणीने तर नाहीच. आपल्याकडे गरोदरपणात तपासणी होते, म्हणून घरात सगळ्यात आधी बाईचं रक्त तपासलं जातं. त्यावरून ‘हिनेच आणलं’ असा निवाडा होतो. आधी तपासणी झाली याचा आधी लागण झाली याच्याशी काही संबंध नाही. उत्तम मार्ग म्हणजे नवऱ्याला ‘गरोदर बाईच्या जोडीदाराची नेहमीची तपासणी’ म्हणून बोलावून दोघांना काउन्सेलरसमोर एकत्र बसवणं. त्याचा रिपोर्ट निगेटिव्ह आला तर निरोध वापरायचा, आणि तुमचे विषाणू दबल्यावर त्याला लागण होत नाही हेही दोघांनी ऐकायचं.

मारहाणीची भीती असेल तर आधी सुरक्षितता. महिला हेल्पलाइन १८१ किंवा ११२. कुठे जायचं आणि कुठली कागदपत्रं हाताशी ठेवायची हे ठरवून मग बोला.

सोबतीण घरी आली की शेजाऱ्यांना कळेल ना?

तुम्ही बोलावल्याशिवाय तिने यायचंच नाही. पहिल्याच भेटीत ठरवून घ्या: फोन कधी करायचा, नवऱ्याने उचलला तर काय बोलायचं, घरी ओळख काय सांगायची. ओळख साधी आणि खरी असावी. ‘दवाखान्यात रांगेत भेटलो, हिचंही बाळ लहान होतं’ हे पुरतं. संस्थेची पिशवी, ओळखपत्र, पाटी लावलेली गाडी गावात नको. मेसेजमध्ये औषधाचं नाव नको, ‘शनिवारी वजन करायला येतेस ना’ एवढं बास.

व्हॉट्सअॅप ग्रुप काढण्याचा उत्साह आवरा. एका ग्रुपात सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात, आणि एखादीचा फोन घरात तिघं वापरतात.

सोबतिणीने काय करू नये?

डोस बदलू नये. आपल्या उरलेल्या गोळ्या दुसरीला देऊ नयेत, ‘दोन दिवसांसाठी’ सुद्धा. काढा, बुवा, हमखास उतारा सांगणाऱ्या वैद्याचा पत्ता देऊ नये. उसने पैसे देऊ-घेऊ नयेत, नातं पहिल्या हप्त्यालाच अवघडतं. एकीची गोष्ट दुसरीला नाव वगळूनसुद्धा सांगू नये. तालुक्याच्या गावात नाव न घेताही माणूस ओळखू येतं.

धाप, खूप ताप, अंगावर पुरळ आणि सोबत तोंडात फोड, रक्तस्राव, बाळ दूध ओढत नाही, डोळे पिवळे, यातलं काही ऐकलं तर सल्ला देत बसू नये, थेट दवाखान्यात पाठवावं. आणि ‘जगावंसं वाटत नाही’ असं ऐकलं तर त्या रात्री तिला एकटं ठेवू नये, काउन्सेलरला लगेच कळवावं.

बैठक कशी घ्यायची?

वेगळा दिवस ठरवू नका. गोळ्या न्यायला येतात तोच दिवस, तीच जागा, कारण दुसऱ्या फेरीचं भाडं आणि घरी सांगायचं कारण दोन्ही नसतं. सहा ते दहा जणी, तासभर. एकच विषय घ्या. सिरिंजने १.५ मिलि साखरपाणी भरायला लावणं, हे तासभराच्या भाषणापेक्षा उपयोगी पडतं. दहांतल्या दोघी-तिघी पहिल्यांदा हवेचा बुडबुडाच मोजतात, तो काढायला शिकवा. फोटो नाहीत, सहीचं रजिस्टर बाहेर टेबलावर नाही. चहा-बिस्किटं हवीतच.

ऊसतोडीला जायचं आहे. सहा महिने गावात नसू.

बीडपासून कोल्हापूर, सांगली, साताऱ्याच्या किंवा कर्नाटकातल्या कारखान्यांवर जाणाऱ्या कोयत्यांमध्ये (ऊसतोडीच्या जोडप्यांमध्ये) गरोदर आणि तान्ही बाळं घेतलेल्या बायाही असतात. दिवाळीच्या आसपास टोळी निघते, मुकादमाची उचल घेतलेली असल्याने मध्ये परत येणं अवघड. म्हणून निघण्याआधीच्या भेटीत सांगा. तब्येत स्थिर असलेल्यांना तीन महिन्यांच्या गोळ्या मिळू शकतात. कारखान्याच्या तालुक्यातलं एआरटी किंवा लिंक एआरटी केंद्र (मोठ्या सेंटरशी जोडलेलं, गोळ्या देणारं छोटं केंद्र) शोधून ठेवा, तिथल्या सोबतिणीचा नंबर घ्या. कोपीत (उसाच्या फडाजवळच्या झोपडीत) सामान पाचटाखाली, पत्र्याच्या पेटीत असतं. गोळ्यांचा डबा घट्ट झाकणाचा हवा, त्यातली ओल शोषणारी पुडी फेकू नका. बाळाचं सिरप उन्हात तापलेल्या पेटीत नको, माठाजवळच्या सावलीत ठेवा. बाळाच्या तपासणीची तारीख हंगामात येत असेल तर ती हिरव्या पुस्तकात आधीच लिहून घ्या, नव्या सेंटरला तेवढं पुरतं.

पैशांची काही मदत मिळते का?

गोळ्या, सिरप, तपासण्या सरकारी केंद्रांत मोफत. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत एचआयव्ही बाधितांना महिना १,५०० रुपये, उत्पन्नाचा दाखला लागतो. बालसंगोपन योजनेत मुलामागे महिना २,२५० रुपये. अर्ज अनुक्रमे तहसील आणि जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात. ऑनलाइन केंद्रावर अर्ज भरायला गेलात तर तिथल्या मुलालाही आजार कळतो, तेव्हा शक्यतो काउन्सेलरकडून किंवा विहान केंद्रातून भरा. एसटीतही बाधितांना प्रवास सवलत आहे, पण तिचं कार्ड कंडक्टरला दाखवावं लागतं. मार्च २०२३ पासून सगळ्याच बायांना अर्धं तिकीट झाल्यापासून अनेकजणी तेच काढतात. निम्मे पैसे जातात, पण कुणी काही विचारत नाही.

दवाखान्याने बाळंतपण नाकारलं तर?

२०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. उपचार नाकारणं, संमतीशिवाय तपासणी करणं, संमतीशिवाय कुणाला सांगणं या सगळ्याला त्यात मनाई आहे, आणि खासगी रुग्णालयंही त्यात येतात. कळा सुरू असताना मात्र भांडत बसू नका. काउन्सेलरला किंवा १०९७ या मोफत हेल्पलाइनला फोन लावा, जवळचं सिव्हिल किंवा मेडिकल कॉलेज गाठा आणि नाकारणाऱ्याकडून शक्य असेल तर रेफरल चिठ्ठी लिहून घ्या. तारीख, वेळ आणि कोण काय बोललं हे सोबतिणीने त्याच रात्री टिपून ठेवावं. तक्रार नंतर याच कायद्याखालच्या राज्याच्या लोकपालाकडे करता येते, आणि तक्रारदाराचं नाव गुप्त ठेवण्याची मागणी करता येते.

मलाही सोबतीण व्हायचं आहे.

तुमचे विषाणू दबलेले असावेत, बाळाचा अठरा महिन्यांचा निकाल लागलेला असावा (निकाल काहीही असो) आणि आपला आजार निदान दोन-तीन माणसांना कळलेला असावा. ज्यांनी कुणालाच सांगितलेलं नाही त्यांच्यावर या कामाचा ताण फार येतो. एका वेळी आठ-दहा आयांपेक्षा जास्त घेऊ नका. रिचार्ज आणि बसभाडं संस्थेकडून मागून घ्या, त्यात संकोच नको. फुकटात करवून घेतलेलं काम वर्षभरात बंद पडतं. रात्री नऊनंतर फोन कुणाचा घ्यायचा आणि कुणाचा सकाळी, हेही आधी ठरवा.

दुसरं मूल हवं आहे.

होऊ शकतं. आधी व्हायरल लोड दबलेला असल्याची खात्री करा आणि दोन बाळंतपणांत किमान तीन वर्षांचं अंतर ठेवा. तोवर तांबी चालते. टीएलडीवर असताना गर्भनिरोधक गोळ्याही चालतात, शिवाय निरोध. दिवस राहिल्यावर तपासण्यांचं चक्र पहिल्यापासून: तोच ३२ वा आठवडा, तेच सिरप, तेच अठरा महिने. पहिल्या वेळची उरलेली बाटली मात्र वापरू नका.